डायलिसिसशी जुळवून घेणं म्हणजे नेमकं काय

माझा मोठा भाऊ सात वर्षं झाली डायलिसिसवर आहे, आणि या सात वर्षांत त्याने सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "पॉझिटिव्ह रहा". त्याच्या खालोखाल "कसं सहन करतोस रे, मी असतो तर मला नसतं जमलं". पहिल्यावर तो मान हलवतो, दुसऱ्यावर हसतो, आणि माणूस गेला की म्हणतो "ह्यालाही जमलं असतं, न जमून सांगतो कोणाला". मला बरेच दिवस वाटायचं की हा आपल्याला बरं वाटावं म्हणून असं बोलतो, आतून खचलेला असणार. मग हळूहळू या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो आणि कळलं की तो खरंच सांगत होता, चुकत मी होतो, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात.

आधी मशीनचं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या किडन्या आठवड्याचे १६८ तास न थांबता रक्त गाळायचं काम करतात, त्या निकामी झाल्या की ते मशीनकडून करून घ्यावं लागतं. हिमोडायलिसिसवाल्या माणसाला बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण ४ तास मशीनवर बसावं लागतं, म्हणजे १६८ तासांचं काम १२ तासांत उरकायचं. हातातल्या फिस्टुलात, म्हणजे ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेत, दोन सुया, एकीतून रक्त बाहेर जातं, फिल्टरमधून गाळून दुसरीतून परत येतं. आणि मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणी, खाल्लेलं मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस सगळं शरीरात साठत राहतं, म्हणून पाणी मोजून, खाणं बघून. जास्त पाणी साठलं की ते चार तासांत ओढून काढावं लागतं, मग मधेच बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, आणि घरी आल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा पडतो. वर्षाचा हिशोब केला तर १५६ सेशन आणि ३१२ वेळा सुई. हे आकडे वाचून आपल्या अंगावर काटा येतो, आणि नेमकी इथेच आपली गफलत होते.

२००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मस्त अभ्यास केला. ४९ डायलिसिसचे पेशंट घेतले आणि वय वगैरे बघून त्यांच्या जोडीचे ४९ निरोगी लोक घेतले. सगळ्यांना खिशात मावेल असं छोटं कम्प्युटर दिलं आणि ते आठवडाभर दिवसातून कितीतरी वेळा, कधीही, अचानक वाजायचं, वाजलं की आत्ता या क्षणी मूड कसा आहे ते नोंदवायचं. "तुम्ही आयुष्यात सुखी आहात का" असला गोल प्रश्न नाही, कारण त्याला माणूस विचार करून, शोभेलसं उत्तर देतो. आत्ता कसं वाटतंय एवढंच. तर दोन्ही गटांच्या मूडमध्ये म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. निरोगी लोकांना विचारलं की डायलिसिसवरच्या माणसाचा मूड कसा असेल, तर त्यांनी तो फारच वाईट असेल असा अंदाज बांधला. आणि मला सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट पुढे आहे, खुद्द पेशंटना विचारलं की तुम्हाला हा आजार झालाच नसता तर मूड कसा असता, तर तेही म्हणाले खूपच चांगला असता, म्हणजे आपण किती जुळवून घेतलंय हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

असं का होतं? आपण डायलिसिस म्हटलं की सुई, मशीन, रक्ताच्या नळ्या डोळ्यासमोर आणतो. पण त्या माणसाच्या आठवड्यात त्या १२ तासांच्या बाहेरही बराच वेळ असतो ना. त्यात मॅच असते, भांडणं असतात, मुलीच्या परीक्षेचं टेन्शन असतं, शेजाऱ्याने गाडी आडवी लावल्याचा राग असतो. आपण कल्पना करताना हे सगळं पुसून टाकतो. अर्थात ही सरासरी आहे हे विसरू नका, सगळे मजेत आहेत असा याचा अर्थ नाही, आणि मला असंही वाटतं की जो माणूस आठवडाभर दर थोड्या वेळाने वाजणारं यंत्र खिशात ठेवायला तयार होतो तो मुळातच जरा बऱ्या स्थितीत असणार. पण अंदाज आणि वास्तव यातलं अंतर मोठं आहे एवढं नक्की.

आता हे मानसशास्त्रवाले डायलिसिसच्या मागे इतके का लागले त्याची पण एक गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये कोल्फ नावाच्या डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, पहिलं कामाला येईल असं मशीन बनवलं, पण ते थोड्या दिवसांच्या अडचणीपुरतं, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची आणि थोड्याच वेळात वाहिन्या संपायच्या. १९६० मध्ये सिएटलमध्ये स्क्रिबनर यांनी हाताला कायमची जोडून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी काढली आणि मग पहिल्यांदा माणूस वर्षानुवर्षं मशीनवर जगू शकला. त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगला. मशीन थोडी आणि पेशंट जास्त, म्हणून तिथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली, कोणाला मशीन द्यायचं हे ती ठरवायची, आणि ठरवताना वय, नोकरी, घरात कोण अवलंबून आहे, आणि चक्क माणूस भावनिकदृष्ट्या स्थिर आहे का हेही बघितलं जायचं. म्हणजे जगायला मिळावं म्हणून तू आधीच खंबीर आहेस हे सिद्ध कर. ते दिवस गेले, पण "मी हसतमुख राहिलो नाही तर लोकांना वाटेल एवढा खर्च, एवढी धावपळ वाया गेली" हे ओझं मला आजही बऱ्याच पेशंटच्या डोक्यावर दिसतं. "पॉझिटिव्ह रहा" मला खटकतं ते यासाठीच.

तर मशीनवर अवलंबून जगणारी माणसं ही तेव्हा जगात नवीनच गोष्ट होती, आणि डॉक्टर त्यांच्या मनाचं काय होतं ते बघायला लागले. राइशमन आणि लेव्ही या दोघांनी २५ पेशंट चार वर्षं बघितले आणि १९७२ मध्ये जे छापलं ते आजही बरंचसं लागू पडतं. त्यांना तीन टप्पे दिसले. पहिल्याला त्यांनी हनिमून म्हटलं, ऐकायला विचित्र वाटेल पण बरोबर आहे. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी माणूस मळमळ, उलट्या, खाज, सूज, धाप यांनी अर्धमेला झालेला असतो, सुरू झालं की काही आठवड्यांत तरतरी येते, जेवण जातं, वाटतं सुटलो. काही आठवडे ते काही महिने हे चालतं. मग दुसरा टप्पा, भ्रमनिरास. आणि हा कधी येतो बघा, बरेचदा माणूस पुन्हा कामाला लागायचं ठरवतो तेव्हाच. घरात पडून होता तोपर्यंत ठीक होतं, आता ऑफिसला जायचं म्हटल्यावर कळतं की आठवड्यातले तीन दिवस गेलेच, उरलेल्यातही पूर्वीचा दम नाही, आणि हे कायमचं आहे. माझ्या भावाच्या बाबतीत हुबेहूब असंच झालं, चौथ्या महिन्यात तो जो गप्प झाला तो बरेच महिने, आणि आम्ही घरचे म्हणत होतो अरे आता तर तब्येत सुधारली, आता काय झालं. आम्हाला कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. तिसरा टप्पा दीर्घकाळच्या जुळवून घेण्याचा, पण तोही सरळ रेषेत जात नाही, त्यातही चढउतार येतच राहतात. फिस्टुला बंद पडला, ओळखीचा कोणी बाजूच्या खुर्चीवरून कायमचा गेला, ट्रान्सप्लांटची बोलणी फिसकटली, की पुन्हा खाली. फरक एवढाच की आता माणसाला माहीत असतं की मागच्या वेळी वर आलो होतो.

मग जुळवून घेतलं म्हणजे नेमकं काय झालं? खूप लोकांना वाटतं की मन मोठं करून स्वीकारलं, शांत झाला, वगैरे. मला जी कल्पना सगळ्यात कामाची वाटली ती डेव्हिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाची, किडनीच्याच पेशंटबरोबर काम करताना १९८३ मध्ये त्यांनी ती मांडली. ते म्हणतात आजार किती गंभीर आहे यापेक्षा तो तुमच्या आयुष्यात किती घुसलाय ते बघा. काम, पैसा, नवराबायकोचं नातं, शरीरसंबंध, मित्र, छंद, खाणं, अशा एकेका खोलीत तो किती शिरलाय. घुसखोरी जितकी जास्त आणि ज्या गोष्टी आपल्याला आवडतात त्या आपल्या हातात नाहीत असं जितकं जास्त वाटतं तितका माणूस उदास. म्हणजे दोन माणसांचे रिपोर्ट अगदी सारखे असू शकतात, पण एकाच्या घरात आजार हॉलमध्ये सोफ्यावर पसरलाय आणि दुसऱ्याच्या घरात तो मागच्या खोलीत आहे, आहेच, पण मागच्या खोलीत. जुळवून घेणं म्हणजे त्याला एकेका खोलीतून बाहेर काढत नेणं, आणि ते "मी पॉझिटिव्ह आहे" असं म्हणून होत नाही, फार बारीकसारीक व्यावहारिक गोष्टींनी होतं.

म्हणजे कशा? उदाहरणार्थ सेशनची वेळ. सकाळच्या शिफ्टला जाऊन दुपारी झोपून संध्याकाळ मोकळी मिळते का, की संध्याकाळच्या शिफ्टने दिवसभराचं काम होतं, हे टेक्निशियनशी बोलून बदलता आलं तर आठवडा बदलतो. काहींना सेंटरपेक्षा घरी पोटातून करायचं पेरिटोनियल डायलिसिस सोयीचं पडतं, त्यात पोटात भरलेलं औषधी पाणी रोज चारेकदा बदलावं लागतं किंवा रात्री झोपेत मशीन लावता येतं, सुया नाहीत पण जबाबदारी सगळी आपली. ते सगळ्यांना चालतं असं नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवायची गोष्ट, पण पर्याय आहे हे विचारायचंसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाण्याचंच घ्या, तहान मारायची म्हणजे निग्रह लागतो असं वाटतं, खरं तर मीठ कमी केलं की तहानच कमी लागते, मनाशी भांडायची वेळ कमी येते. वजन रोज स्वतः करून वहीत लिहिणं, रोज सकाळी फिस्टुलावर बोट ठेवून ती घरघर लागतेय का बघणं, रिपोर्टमधलं पोटॅशियम स्वतः वाचता येणं. काही पेशंट शिकून घेऊन स्वतःची सुई स्वतः लावतात, ऐकून मला चक्कर आली होती, पण ते सांगतात की दुसऱ्याने टोचण्यापेक्षा आपण टोचलेलं कमी भीतीचं वाटतं.

पण इथे एक गाठ आहे, आणि ती बहुतेक लेखांत येत नाही. "सगळं तुझ्या हातात आहे" हे प्रत्येक वेळी चांगलं औषध नाही. क्रिस्टेन्सन नावाच्या संशोधकाने १९९१ मध्ये दाखवलं होतं की ज्यांचं ट्रान्सप्लांट फेल होऊन ते परत डायलिसिसवर आले होते, त्यांच्यात "माझी तब्येत माझ्या हातात आहे" असं ठाम मानणारे जास्त उदास होते. विचार केला तर साहजिक आहे, सगळं माझ्या हातात होतं म्हटलं की फेल झालं तेही माझ्यामुळेच. सेंटरच्या डायलिसिसमध्ये तुम्ही खुर्चीत बसता, मशीनचे आकडे दुसरा कोणी लावतो, तिथे प्रत्येक गोष्टीवर ताबा हवा असणारा माणूस चिडचिडा होतो, तोच माणूस घरच्या डायलिसिसमध्ये छान रमतो, आणि उलटही होतं, सगळं सोपवून मोकळं व्हायला आवडणारा माणूस घरी मशीन लावायच्या विचारानेच घाबरतो. म्हणजे स्वभाव आणि उपचाराची पद्धत यांचा मेळ बसला पाहिजे, नुसता खंबीर स्वभाव असून भागत नाही.

तसंच विसरण्याचं. सुरुवातीच्या डॉक्टरांना या पेशंटमध्ये नाकारण्याची वृत्ती भरपूर दिसली, "मला विशेष काही झालेलं नाही" टाइप. आधी हे वाईटच मानलं गेलं. पण दिवसाचे काही तास आपण पेशंट आहोत हे डोक्यातून काढून टाकता येणं हे वरदान आहे, माझा भाऊ मोकळ्या दिवशी डायलिसिसचा ड पण काढू देत नाही. प्रॉब्लेम तिथून सुरू होतो जिथे या विसरण्यापायी सेशन बुडतं किंवा "आज तासभर लवकर काढा" असं चालू होतं. मनाने विसरा, कॅलेंडरने विसरू नका, कारण दोन सेशनमधली गॅप वाढली की हृदयावर ताण येतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

आता डिप्रेशन, आणि हे जरा नीट वाचा. जुळवून घेणं चालू असतानाचं वाईट वाटणं वेगळं आणि डिप्रेशन वेगळं. नुसती प्रश्नावली भरून घेतली तर डायलिसिसवरच्या दहातल्या चौघांच्या आसपास लोकांना डिप्रेशन निघतं, आणि तज्ज्ञाने समोर बसून नीट बोलून तपासलं तर साधारण चारातल्या एकाला. हा फरक का पडतो? कारण प्रश्नावलीत थकवा, झोप नाही, भूक नाही, लक्ष लागत नाही हे विचारलेलं असतं, आणि हे सगळं रक्तात कचरा साठल्यामुळे, हिमोग्लोबिन कमी असल्यामुळेही होतं. मग काय बघायचं? आवडत्या गोष्टीत रस उरलाय का ते बघा. अंगात ताकद नाही म्हणून मॅच बघता येत नाही हे वेगळं आणि मॅच लागलीये, समोर बसलाय, पण कोण जिंकलं याचं काहीच वाटत नाही हे वेगळं. स्वतःला दोष देत बसणं, आपण सगळ्यांना ओझं झालोय हेच परत परत येणं, आणि असं दोन आठवड्यांच्या वर रोजच चालू राहणं, हे डॉक्टरांना सांगायचं. उपचार आहेत. विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारी जी सीबीटी थेरपी असते ती मशीनवर बसलेलं असतानाच खुर्चीशेजारी बसून देऊन बघितलीये, म्हणजे वेगळी चक्कर नको. २०१९ च्या एका तुलनेत १२ आठवड्यांनंतर सर्ट्रालिन नावाची गोळी थेरपीपेक्षा थोडी सरस ठरली, पण तिचे त्रासही जास्त होते. कुठलं कोणाला ते डॉक्टरच सांगतील, किडनीच्या पेशंटने मनाने कुठलीच गोळी सुरू करू नये.

आणि कोणी "बास झालं, आता डायलिसिस नको" असं म्हणालं तर घरचे एकतर रडतात नाहीतर ओरडतात. दोन्हीने तो माणूस गप्प होतो. या वाक्याच्या मागे उपचार होण्यासारखं डिप्रेशन असू शकतं, असह्य पण कमी करता येणारं दुखणं असू शकतं, किंवा शांत डोक्याने केलेला विचारही असू शकतो. ते वेगळं करायला वेळ लागतो आणि अनुभवी माणूस लागतो, म्हणून हे ऐकलं की त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं. जीव द्यायचेच विचार बोलून दाखवत असेल तर एकटं सोडायचं नाही आणि ताबडतोब मदत घ्यायची.

थकव्याबद्दल थोडं, कारण तो मनाचा विषय वाटत नाही पण आहे. डायलिसिसच्या संशोधनात काय मोजलं जावं हे ठरवायला जेव्हा पेशंट, घरचे आणि डॉक्टर एकत्र बसवले गेले, तेव्हा शेवटी मुख्य म्हणून निवडलेल्या चार गोष्टींत मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुला-कॅथेटरच्या (म्हणजे मशीनला रक्त द्यायच्या वाटेच्या) बरोबरीने थकवा होता. सेशननंतर सावरायला कोणाला दोन तास लागतात, कोणाला दुसरा दिवस उजाडतो. आणि घरात हा थकवा आळस म्हणून किंवा "मनावर घेत नाही" म्हणून वाचला जातो, त्यातून भांडणं. डॉक्टरांना हे सांगितलं तर बरंच काही तपासता येतं, पाणी फार वेगात काढलं जातंय का, ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं ठरवलेलं वजन, बदलायचंय का, हिमोग्लोबिन कुठे आहे. परवानगी असेल तर थोडं चालणं, काही ठिकाणी तर सेशनच्या पहिल्या भागात खुर्चीतच पायाने सायकल मारायला देतात.

घरच्यांची एक सवय मात्र फार नुकसान करते, आणि ती प्रेमातूनच येते, ती म्हणजे हातातलं काम काढून घेणं. "तू बस, मी करतो." आम्ही पहिल्या वर्षी भावाकडून बिलं भरणं, मुलीचा अभ्यास घेणं सगळं काढून घेतलं, त्याला आराम पडावा म्हणून, आणि डेव्हिन्सच्या भाषेत सांगायचं तर आजाराला एकेक खोली आम्हीच उघडून दिली. एक दिवस तो वैतागून म्हणाला, किडनी गेलीये, डोकं शाबूत आहे. तेव्हापासून बिलं तोच भरतो, तीसुद्धा मशीनवर बसून, मोकळ्या हाताने, फोनवर. नाहीतरी तिथे चार तास दुसरं करणार काय.

या आजाराने माणसाची वाढ होते, जवळची माणसं कळतात, आयुष्याची किंमत कळते, असं सांगणारे पेशंटही खरंच असतात आणि त्यावर अभ्यासही झालेत. पण ते आपण बाहेरच्याने कोणाला सांगायचं नसतं, त्याने सांगितलं तर ऐकायचं. माझ्या भावाला मी एकदा हिंमत करून विचारलं होतं, तुला यातून काही मिळालं का रे. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, मिळालं ना, चार तास कोणी काम सांगत नाही. मग सिरीयलचा आवाज वाढव म्हणाला.